बर्फघराचा अडसर

आप्पा गेले त्याला एकोणीस दिवस झाले होते, तेव्हा कोरियातून दोन बायका आमच्या दारात आल्या. त्या येणार हे मला माहीत होतं. आप्पा नाहीत हे त्यांना माहीत नव्हतं. ते कळवायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. मी नोकरी करते त्या कॉलेजच्या लायब्ररीत रोज कॉम्प्युटरसमोर बसायची, त्यांचा पत्ता टाइप करायची आणि खालची मोकळी जागा बघून बंद करायची.

रिक्षावाला त्यांना सोडायला तयार नव्हता. जयपूरच्या हसनपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत पर्यटक येत नाहीत, म्हणून आपलं काहीतरी चुकलंय असं त्याला वाटत होतं.

"मैडम, यहाँ कुछ नहीं है. आमेर ले चलता हूँ, हवामहल, जलमहल, सब आधे दिन में."

"हमें श्रीमान खरात के निवास पर जाना है," दोघींतली तरुण मुलगी म्हणाली. पुस्तकातून शिकलेलं हिंदी. रिक्षावाला तिच्याकडे बघतच राहिला. मी पुढे होऊन पिशवी घेतली.

मुलीचं नाव हे-जिन. दिल्लीला हिंदी शिकत होती, दुभाषी म्हणून आली होती. दुसऱ्या बाई साठीच्या पुढच्या, बुटक्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या. त्यांचं नाव जॉम-रे. आत आल्यावर त्यांनी चपला काढल्या, मान वर केली आणि भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी हार घातलेला आप्पांचा फोटो पाहिला. हार सुकला होता. फोटोसमोर कमरेतून वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. उठल्यावर हे-जिनला एकच शब्द म्हणाल्या. हे-जिनने विचारलं, "कब?"

मी तारीख सांगितली.

आप्पा, म्हणजे बळवंत येसू खरात, माण तालुक्यातल्या महारवाड्यातून फौजेत गेले. कोरियात लढाई सुरू झाली तेव्हा भारताने तिथे वैद्यकीय तुकडी पाठवली, तिच्यात ते होते. वय एकवीस. काम जखमा धुण्याचं, पट्ट्या बांधण्याचं, स्ट्रेचर उचलण्याचं. नंतर रेल्वेच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर म्हणून लागले आणि बदल्या होत होत जयपूरला येऊन निवृत्त झाले. हात चांगला होता, चित्रं काढायचे. कोरियात सोलपो नावाच्या एका मासेमारी गावात त्यांची तुकडी काही आठवडे होती. तिथल्या चार जागांची चित्रं त्यांनी पेन्सिलीने काढून आणली होती: गावाची दगडी वेस, दीपगृह, डोंगरावरचा तीन मजली दगडी पॅगोडा, आणि मासळीसाठी बांधलेलं जुनं बर्फघर.

पॅगोड्याची गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली होती. बर्फात चढून गेले, वर कोणी नव्हतं, पॅगोड्यासमोर कुणीतरी मूठभर भात ठेवला होता. "छप्पन साली सगळे नागपूरला गेले," ते सांगायचे, "मी पाच वर्षं आधीच जाऊन आलो होतो." आई म्हणायची, "मग तिथंच ऱ्हायचं की. इथं कशाला आलासा, मला पिडायला?" बर्फघराबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. आम्ही विचारलंही नाही. चित्रातली इमारत दिसायलाच कंटाळवाणी होती, खिडक्या नसलेली.

दोन वर्षांपूर्वी सैनिक बोर्डातून एक पत्र आलं. सोलपोची नगरपालिका गावातल्या ऐतिहासिक वास्तूंची यादी करत होती. लढाईत बरंच पडलं, जळलं, त्यामुळे त्या काळी तिथे असलेल्या कुणाकडे फोटो, चित्रं असतील तर पाठवावीत. आप्पांनी मला इंग्रजीत उत्तर लिहायला लावलं. चार चित्रं आहेत. शेवटी म्हणाले, "आणि लिही, बर्फघराविषयी माझ्याकडे काही लिहिलेलं पण आहे." मी विचारलं, काय लिहिलंय? ते म्हणाले, "तू एवढं लिही."

नगरपालिकेचं छान उत्तर आलं. पॅगोड्याचा वरचा मजला लढाईत कोसळला होता. आप्पांच्या चित्रावरून तो पुन्हा बसवता येणार होता. पॅगोड्याजवळ फलक लावून त्यावर चित्र आणि त्यांचं नाव देऊ, असं लिहिलं होतं. माझ्या धाकट्या भावाने, राजरत्नने, त्या पत्राच्या दहा झेरॉक्स काढल्या. दुसरं पत्र नंतर आलं, ते या बाईंचं. त्यांना चित्रं नको होती. बर्फघराविषयी जे लिहिलंय ते बघायचं होतं, आणि त्यासाठी त्या स्वतः येणार होत्या. ते पत्र वाचून आप्पा म्हणाले, "येऊ दे." मग आजारी पडले.

चहा झाल्यावर मी चित्रं काढली. जॉम-रे बाईंनी पर्समधून नगरपालिकेचं घडीचं पत्रक काढून शेजारी पसरलं. गावाचा रंगीत नकाशा, त्यावर नऊ आकडे, नऊ वास्तू. वेस आता सिमेंटची होती. दीपगृह पांढरं रंगवलेलं. आमच्या जयपूरला गुलाबी रंग देतात तसं. बाई प्रत्येक चित्र बघून मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बर्फघराचं चित्र आलं तेव्हा त्यांनी चष्मा बदलला.

सातव्या नंबरवर बर्फघराचा फोटो होता. नवी लोखंडी दारं, बाहेर कुंड्या. हे-जिनने खालची ओळ वाचून सांगितली: समुद्रातली मासळी ताजी ठेवण्यासाठी बांधलेली सुबक इमारत, या शरद ऋतूपासून येथे उपाहारगृह आणि मासेमारीचं संग्रहालय. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडात गंजलेले लोखंडी आकडे होते. ते कंदील टांगण्यासाठी होते, असं पत्रकात लिहिलं होतं.

आप्पांच्या चित्रात त्या आकड्यांत एक जाड आडवं लाकूड बसवलेलं होतं. बाकीची इमारत चार रेघांत उरकली होती. त्या लाकडाच्या मात्र शिरासुद्धा काढलेल्या होत्या, आणि शेजारी जमिनीपासूनची उंची इंचात लिहिली होती.

बाई हे-जिनशी बोलू लागल्या. हलक्या आवाजात, न थांबता. हे-जिन तुकड्यातुकड्याने सांगत गेली. एक्कावन्न सालच्या हिवाळ्यात, बाई सात वर्षांच्या असताना, बंदूकवाले घरी आले आणि वडिलांना आणि थोरल्या भावाला घेऊन गेले. कुणाला तरी मदत केल्याचा संशय. गावातली अशी तीसेक माणसं नेली. ठाण्यात सांगितलं, दुसऱ्या शहरात पाठवली. प्रेतं मिळाली नाहीत. म्हातारी माणसं म्हणायची, बर्फघरात कोंडली होती. आता सरकारची चौकशी समिती म्हणते, पुरावा काय? सांगणारे सगळे मेलेल्यांचे नातेवाईक आहेत. गावाशी संबंध नसलेल्या कुणाचा, त्याच वेळचा कागद असेल तर आणा. सप्टेंबरात शेवटची सुनावणी आहे. त्यानंतर तिथे टेबलं लागतील.

"इनकी माता भी अब नहीं हैं," हे-जिन म्हणाली. "यह पूछ रही हैं, आपके पिताजी ने क्या लिखा है?"

मी म्हटलं, थोडा वेळ द्या, माझा भाऊ येतोय.

आप्पांनी काय लिहिलंय हे मला आदल्या दुपारी कळलं होतं. ट्रंकेत दवाखान्याचं एक लांबट रजिस्टर होतं, जखमींची नावं, जखमा, पट्ट्या. शेवटची पाच पानं वेगळी. ती वाचून झाल्यावर मी उठून कपडे वाळत घातले. मग पुन्हा वाचली.

राजरत्न मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. मी त्याला रजिस्टर दिलं. त्याचं शिक्षण सगळं हिंदीत झालंय, आप्पांचं अक्षर तो बोट ठेवून वाचतो. ओट्याला टेकून त्याने पाचही पानं वाचली. बाहेर त्या दोघी बसल्या होत्या, त्यामुळे आम्ही कुजबुजत बोललो. त्यांना मराठी येत नव्हतं, तरी.

"कुणाला दाखवलंस?"

"अजून नाही."

"मग नको दाखवू. फाड म्हणत नाही मी. फक्त, मतलब, राहू दे इथंच. चित्रं दे. चित्रात अडसर दिसतोय ना? तेवढा पुरावा बस झाला."

"चित्रात माणसं नाहीत, राजू."

"ताई, तू समजतच नाहीस. त्यांनी लिहून दिलंय, बोर्ड लावणार. पॅगोड्याजवळ. आप्पांचं नाव. ज्या माणसाला गावच्या देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याचं नाव तिकडे बुद्धापाशी लागणार. आणि तू काय देणार त्यांना? हे?" त्याने पानावर बोट आपटलं. "कोंडलं त्या लोकांनी. मारलं त्या लोकांनी. आप्पांनी बोट लावलं का कुणाला? मग त्यांचं नाव कशाला यात?"

"तिचा बाप आत होता."

"आणि आपला बाहेर होता. हो ना? बाहेरचा पण मेला आता. झालं की."

त्याचा आवाज चढला होता. मग तो खाली बसला, डाळीच्या डब्यावर, लहानपणी बसायचा तसा. "कडी का नाही काढली गं त्यांनी?" तो म्हणाला. त्याला उत्तर माहीत होतं, मलाही.

आप्पांनी आयुष्यात दुसऱ्याच्या दाराची कडी काढली नाही. शेजारच्या घराला लोखंडी फाटक होतं, त्याची कडी लहान पोरसुद्धा काढेल. आप्पा भर मेमध्ये रस्त्यात उभे राहून हाक मारायचे, "भैयाजी! ओ भैयाजी!" आतून कोणी येऊन "आइए" म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. आई खिडकीतून ओरडायची, "आवं, काढा की कडी. चावती का ती?" दवाखान्यात डॉक्टरच्या खोलीबाहेर उभे. राजरत्नच्या क्वार्टरवर गेले तरी जिन्यात उभे राहून सुनेला हाक. आम्ही हसायचो. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझे वडील किती सभ्य आहेत. मलाही बरीच वर्षं ती सभ्यताच वाटायची.

आठ वर्षांचे असताना गावात कुणाच्या तरी मेल्याचा निरोप घेऊन ते एका वाड्यावर गेले होते. निरोप सांगत गावोगाव फिरणं हे आमच्या लोकांचं काम होतं. पळत आल्यामुळे विसरले आणि परड्याच्या फाटकाची कडी काढून दोन पावलं आत गेले. त्या हातावर काय झालं त्याची खूण मरेपर्यंत होती, मनगटाच्या वर. घरी आल्यावर त्यांच्या आईने जखमेवर हळद लावली आणि वरून एक थोबाडीत दिली. म्हणाली, बाहेर उभं ऱ्हायचं, हाक मारायची, आतलं मानूस आलं तर बोलायचं, न्हाई आलं तर उभं ऱ्हायचं. हे त्यांनी स्वतः मला एकदाच सांगितलं, मी लायब्ररीत लागले त्या वर्षी.

मी राजरत्नच्या हातातून रजिस्टर घेतलं आणि बाहेर आले. तो मागच्या दाराने निघून गेला. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी खुर्ची बाईंच्या समोर ओढली. एक वाक्य मराठीत वाचायचं, मग हिंदीत सांगायचं, मग हे-जिन कोरियनमध्ये सांगेल, असं ठरवलं. आधी मराठीत कशाला, असं हे-जिनने विचारलं. मी म्हटलं, त्यांनी लिहिलंय तसं एकदा ऐकू दे.

आप्पांनी लिहिलं होतं:

"तारीख ९ फेब्रुवारी. दुपारी पाणी आणण्यास समुद्राचे बाजूस गेलो. बर्फघरापाशी आलो तेव्हा आतून दार मारल्याचा आवाज आला. दारास बाहेरून लाकडी अडसर होता. कुलूप नव्हते. पहारा नव्हता. अडसराची उंची माझ्या छातीएवढी. मी हाक दिली, मालक कोण आहे. कोणी आले नाही. पुन्हा हाक दिली. माझी हाक ऐकून आतील आवाज वाढला. दुसऱ्याचे दार, म्हणून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. आतील लोक एकच बोलत होते. त्याचा अर्थ मला माहीत नाही. ऐकले तसे लिहून ठेवतो. मुन यॉरो जुसेयो. मुन यॉरो जुसेयो."

ते शब्द मला हिंदीत सांगता येणार नव्हते. मी ते नुसते वाचले. जॉम-रे बाईंचा हात पत्रकावर होता. पत्रक चुरगळल्याचा बारीक आवाज झाला. हे-जिनने माझ्याकडे पाहिलं.

"मतलब?" मी विचारलं.

"दरवाज़ा खोल दीजिए," हे-जिन म्हणाली. "कृपया. आदर से कहा है."

छप्पन्न वर्षं ते शब्द आमच्या ट्रंकेत होते.

मी पुढे वाचत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

"तंबूत येऊन हवालदारास सांगितले. हवालदार म्हणाला, साहेब दुसऱ्या ठाण्यावर आहेत, हुकुमाशिवाय आपण हात लावायचा नाही. तारीख १०. पुन्हा गेलो. अडसर तसाच होता. आवाज कमी होता. उभा राहून आलो. तारीख ११. सकाळी साहेब आले, हुकूम झाला. मी व आणखी तिघांनी अडसर काढला. एका माणसाने निघण्याजोगा होता. आत एकतीस. पुरुष चोवीस, बायका सहा, मूल एक. ही जागा बर्फ राहावा म्हणून बांधलेली, भिंतीत भुसा, हवा येत नाही, असे साहेब म्हणाले. बाहेर काढून ओळीने ठेवले. कोणास जखम नव्हती. पट्टीचे काम पडले नाही. दुपारी बंदूकवाले आले व गाडीत घालून घेऊन गेले. कोठे ते कळले नाही. पहिल्या दिवशी मला कोणी अडवले नव्हते. मला ताप नव्हता. हे लिहून ठेवतो. ब. ये. खरात."

हे-जिनचं सांगून झालं तेव्हा चहाचे कप समोर तसेच होते. गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

बाईंनी तीन बोटं वर केली आणि एकेक मिटत काहीतरी म्हणाल्या. नऊ. दहा. अकरा. दहा तारखेला त्यांची आई ठाण्यावर पांघरूण घेऊन गेली होती. शिपायाने ते घेतलं आणि म्हणाला, पोचवू. म्हणजे त्या दिवशी ती माणसं गावातच होती. हाकेच्या अंतरावर.

मग त्यांनी विचारलं, "आवाज पुरुषाचा होता का? बोलणाऱ्याचा?"

"त्यांनी लिहिलेलं नाही."

"मूल केवढं होतं?"

"लिहिलेलं नाही."

"त्यांनी का नाही उघडलं?"

मी सांगितलं. महारवाडा म्हणजे काय, फाटक, निरोप, मनगटावरची खूण. हिंदीत ते फार लवकर सांगून झालं. हे-जिन मध्येच अडत होती, एक-दोन शब्द तिला पुन्हा विचारावे लागले. बाई शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, आणि हे-जिनने मान खाली घालून सांगितलं:

"कह रही हैं, मैं समझ गई. पर जो अंदर थे, उनको यह किसने समझाया?"

मी कप उचलून आत नेले.

रजिस्टर मूळ हवं होतं, झेरॉक्स समितीला चालणार नव्हती. शिवाय हे अक्षर आप्पांचंच असल्याचं शपथपत्र हवं होतं, अक्षर ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांसह. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कलेक्टरीबाहेर गेलो. कडुनिंबाखाली टाइपरायटर मांडून बसलेल्या माणसाकडून मी हिंदीत मजकूर टाइप करून घेतला. पाचही पानांचा सारांश मी सांगत होते. त्याची बोटं भराभर चालत होती. "बाहर से बंद था, ताला नहीं था, मेरे पिता अकेले खोल सकते थे" इथे ती थांबली.

"बहनजी, यह लाइन रखनी है? अपने ही पिताजी के ख़िलाफ़ जाती है. बिना इसके भी काम चल जाएगा."

"रखिए."

"सोच लीजिए. स्टाम्प पेपर है."

"रखिए, भैया."

दुसरी सही राजरत्नची हवी होती. आई आधीच गेली होती, आणि दवाखान्यातले आप्पांच्या बरोबरीचे कोणी उरले नव्हते. मी त्याला रात्री फोन केला होता, त्याने उचलला नव्हता. सकाळी त्याच्या बायकोने उचलला, तिला जागा आणि वेळ सांगितली होती. बारा वाजले. नोटरी जेवायला जाणार होता. हे-जिन कुजबुजत विचारत होती की दुसरं कोणी चालेल का. जॉम-रे बाई बाकावर ताठ बसून होत्या, रजिस्टर मांडीवर, दोन्ही हात त्यावर.

राजरत्न साडेबाराला आला, ऑफिसच्या कपड्यांत. त्याने बाईंकडे पाहिलं नाही. माझ्या हातातून कागद घेतला आणि उभ्याउभ्या वाचला.

"ही ओळ काढ. मग सही करतो."

"नाही काढणार."

"ताई, लोक काय वाचतील? एकतीस मेले आणि खरात बघत उभा होता. हेच वाचतील. का उभा होता ते कोण वाचणार? त्यांना इथलं काय कळतं?"

"मी सांगितलंय त्यांना."

"मग? काय म्हणाली?"

मी ते सांगितलं. त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. मी रजिस्टर बाईंकडून मागून घेतलं आणि शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. "ही ओळ माझी नाही, राजू. त्यांचीच आहे. ताप नव्हता, अडवलं नव्हतं. त्यांना झाकायचं असतं तर छप्पन्न वर्षं होती. पेन्सिलीने लिहिलंय. खोडायला किती वेळ लागतो?"

तो पान बघत राहिला. "बोर्ड लावणार नाहीत आता," तो म्हणाला.

"नाही लावणार."

"तुला काही वाटत नाही?"

तो पॅगोड्याच्या गोष्टी ऐकत मोठा झाला, मीही. त्याने खिशातून पेन काढलं, स्टुलावर कागद ठेवून सही केली, तारीख घातली आणि पेन खिशात न ठेवता तसंच हातात घेऊन स्कूटरकडे गेला. चौदा एप्रिलला आम्ही दरवर्षी दोघे मिळून हार घालायला जातो. त्या वर्षी तो मुलांना घेऊन आधीच जाऊन आला.

नोटरीचा शिक्का बसल्यावर मी रजिस्टरच्या झेरॉक्स काढल्या. तीस वर्षं मी पुस्तकं सांभाळली आहेत, मूळ प्रत कधी दाराबाहेर जाऊ दिली नाही. ते रजिस्टर मी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून बाईंच्या पिशवीत ठेवलं.

सिंधी कॅम्पच्या स्टँडवर दिल्लीची बस लागली होती. जॉम-रे बाई चढता चढता वळल्या आणि बोलल्या. हे-जिन अवघडली.

"कह रही हैं... क्षमा करें. कह रही हैं कि मैंने उन्हें माफ़ नहीं किया है. आप ऐसा न सोचें."

"नहीं सोच रही," मी म्हटलं.

"और कह रही हैं, समिति पूछेगी, लिखने वाला तो मर गया, काग़ज़ किसी ने भी बनाया होगा. आप सितंबर में आइए. जैसे कल पढ़ा था, वैसे ही पढ़िए. पहले अपनी भाषा में. वे शब्द भी."

बसचा कंडक्टर ओरडत होता. बाई पायरीवरून माझ्याकडे बघत होत्या. विनंतीसारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"येईन," मी मराठीतच म्हणाले. हे-जिनला ते सांगावं लागलं नाही.

माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. तो यायला जुलै उजाडला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी एम. आय. रोडवरच्या एका एजंटकडे व्हिसाचा फॉर्म भरायला गेले. उमदा माणूस होता, बोलका. एकटी बाई, या वयात, कोरिया, हे त्याला फार आवडलं.

"टूरिस्ट डाल देते हैं मैडम, जल्दी मिलता है. किसलिए जा रही हैं?"

"गवाही देने."

त्याने मान वर केली, हसू येईल का बघितलं, मग पुन्हा फॉर्ममध्ये घातली. "उसका इसमें कॉलम नहीं है. टूरिस्ट ही लिखता हूँ. कौन-कौन सी जगहें देखेंगी? दो-चार नाम दे दीजिए, अच्छा लगता है. मंदिर वगैरह."

मी त्याला सोलपो लिहून दिलं, आणि खाली, बंदरामागचं जुनं बर्फघर.

"बर्फ़खाना?" तो म्हणाला. "बस?"

"बस."

त्याने ते टाइप केलं. मग फोटो मागितले, दोन, पांढऱ्या पार्श्वभूमीचे. मी पर्समधून काढून दिले.